पहिला श्री आत उभा असतो

शंभूराज आमच्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्याजवळ एकच बॅग होती आणि त्या बॅगेत इस्त्री केलेले पायमोजे होते. पायमोज्यांना इस्त्री करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी विचारलं, "हे आई करून देते का रे?" तर म्हणाला, "न्हाई वहिनी, आबा करत्यात. आई फक्त सदऱ्यांना करती."

आबा म्हणजे त्याचे वडील, हंबीरराव. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आता वडूजला शेती बघतात. शेती कोरडवाहू, पण ज्वारीचे तास असे की एका टोकाला उभं राहून बघितलं तर पूर्ण रांगेत एकच ताट दिसावं, असं शंभूराज सांगतो. त्यांच्या घरात चपला आकाराप्रमाणे लावतात. पाहुणा आला की त्याची चप्पल कुठं बसते हे आधी बघतात आणि मग पाणी देतात. अशा घरातला मुलगा माझ्या घरी आला. आमच्याकडे चपला दारात जशा निघतील तशा पडतात, त्यामुळे पहिल्या दिवशी त्याला आत यायलाच दहा मिनिटं लागली.

तो आणि माझा धाकटा दीर एकाच कॉलेजात शिकले. दिराचं नाव अतिशय, आम्हा जैनांत ठेवतात असं. दोघांनी मिळून कंपनी काढली आणि तिला जागा म्हणून आमच्या सांगलीच्या घरामागचं हळदीचं गोदाम घेतलं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अडतीचं काम सोडल्यापासून ते रिकामंच होतं. धुतलं, घासलं, दोनदा रंग दिला, तरी हळद गेली नाही. ती भिंतीत मुरलेली. दोघांचे कीबोर्ड महिन्याभरात पिवळे झाले आणि शंभूराजची बोटं बघून समोरच्या काकू मला हळूच विचारून गेल्या, "याचं लग्न परवाच झालं का?"

स्वभावानं तो फार गोड मुलगा. आमच्याकडे कांदा-लसूण नाही, आणि सूर्य मावळायच्या आत जेवण, त्याला आम्ही अंथऊ म्हणतो. त्यानं कधी तक्रार केली नाही. रात्री भूक लागली तर गच्चीवर जाऊन कांदा फोडून भाकरीबरोबर खायचा आणि सालं कागदात बांधून सकाळी लांब टाकून यायचा. मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. एकदा मी गच्चीवर मीठ ठेवून आले, त्यानंतर आमच्यात त्यावर काही बोलणं झालं नाही.

दोघं मिळून शीतगृहासाठी प्रोग्राम लिहीत होते. शीतगृहात शेतकऱ्यांची, व्यापाऱ्यांची हळदीची पोती ठेवलेली असतात. कुणाचं पोतं कुठल्या फळीवर आहे, कधी आलं, कधी जाणार, ते सगळं कॉम्प्युटरनं सांगायचं. कुपवाडचे आप्पासो हे त्यांचं पहिलं आणि एकुलतं गिऱ्हाईक व्हायच्या बेतात होते. होते म्हणजे नुसतेच बेतात होते, कारण प्रोग्राम पुढंच सरकत नव्हता. भांडणामुळे.

भांडण कशावरून, हे समजायला मला बरेच दिवस गेले. आधी वाटलं पैशाचं असेल. मग वाटलं एखाद्या मुलीचं. शेवटी एकदा ताक द्यायला गेले तेव्हा नीट ऐकलं. अतिशय म्हणत होता, अवतरणचिन्ह एकेरी द्यायचं. शंभूराज म्हणत होता, दुहेरी.

"दोन्हीनं चालतं ना रे?" मी म्हटलं.

"चालतं की," दोघंही म्हणाले.

"मग?"

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ताक ठेवून परत आले.

माझ्यापुरता मी त्याचा अर्थ लावला तो असा. मी पोळीची चौकोनी घडी घालते. सासूबाई होत्या तोवर त्या पोळी गोलच ठेवायच्या. पोटात गेल्यावर दोन्ही सारख्याच, पण पहिली काही वर्षं आम्ही एकमेकींच्या दुरड्या गुपचूप उलगडून पुन्हा घातलेल्या आहेत. ही मुलं तेच करत होती. पायथन नावाच्या ज्या भाषेत ती लिहितात तिच्यात समास किती सोडला याला अर्थ असतो. बाकी चिन्हं, स्वल्पविराम, ओळीची लांबी, हे सगळं ज्याच्या त्याच्या आवडीवर. शंभूराजला सगळी बरोबरची चिन्हं एकाखाली एक हवीत. अतिशय म्हणायचा, "एक नाव बदललं की पूर्ण पलटण हलवायची का?" तो संध्याकाळी आपल्या पद्धतीनं लिहून जायचा. शंभूराज पहाटे उठून सगळं ओळीत उभं करायचा. अतिशय अंघोळ करून आला की परत मोडायचा. शेकडो ओळी रोज बदलायच्या आणि आप्पासोंचं पोतं जिथल्या तिथं.

ओळीच्या लांबीवरून तर बोलणंच बंद झालं. शंभूराजला एका ओळीत एकोणऐंशी अक्षरं पुरत होती, अतिशयला एकशेवीस हवी होती. दोघं एका टेबलावर समोरासमोर बसायचे आणि निरोप माझ्यामार्फत.

"वहिनी, त्याला सांगा, लांब ओळ वाचताना मान फिरवावी लागती."

"वहिनी, त्याला म्हणावं मान कशासाठी दिलीय."

मी म्हटलं, "मला भाजी टाकायचीय."

शेवटी मामंजी मध्ये पडले. मामंजींच्या उमेदीत हळदीचा भाव तोंडानं बोलत नसत. हातावर टॉवेल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवायचा, बाजूच्याला कळता कामा नये. मामंजींनी खुंटीवरचा टॉवेल काढला आणि दोघांना जवळ बोलावलं.

"आण्णा, इथं आपण तिघंच आहोत. लपवायचं कुणापासून?" अतिशय म्हणाला.

"हात दे," मामंजी म्हणाले.

बराच वेळ टॉवेल हलत राहिला. तिघांचे चेहरे कोरे, डोळे आढ्याकडे. एकदा शंभूराजनं "आई गं" केलं, बोट जोरात दाबलं गेलं असावं. मग मामंजींनी टॉवेल झटकला आणि जाहीर केलं, "ब्याण्णव."

"ब्याण्णव कुणीच वापरत नाही हो जगात," अतिशय म्हणाला.

"दोघांनाही नको आहे ना? मग सौदा सरळ झाला."

त्या टॉवेलाखाली बाकीचंही ठरलं. अवतरण दुहेरी, बरोबरची चिन्हं मोकळी. आणि पुन्हा कुणी मोडू नये म्हणून एक पहारेकरी ठेवायचा. लिहिलेलं सगळं तपासून चुका दाखवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ही मुलं लिंटर म्हणतात. बाजारात तसे तयार मिळतात, फुकटसुद्धा. पण त्यातला कुठलाच ब्याण्णववाल्यांसाठी नव्हता असं शंभूराजचं म्हणणं, म्हणून त्यानं स्वतःच लिहिला आणि त्याला नाव दिलं 'सुभेदार'. सुभेदारानं पास केलं तरच काम गिऱ्हाइकाच्या मशीनवर जाणार, असं कुलूपच घातलं. कुणालाही सूट नाही.

दोघं पुन्हा बोलायला लागले. काम सरकलं. कधी सुभेदार म्हणायचा, अमुक ओळ त्र्याण्णव झाली, आणि अतिशय मुकाट्यानं एक अक्षर काढायचा. मला वाटलं, मिटलं.

दिवाळीच्या तोंडावर वडूजहून हंबीररावांचा फोन आला. शंभूराजनं तो माझ्यासमोरच घेतला, ताठ उभं राहून. त्यांच्या पलटणीतला कुणी पुण्याला एका कंपनीत सुरक्षा-अधिकारी होता, त्याच्या हाताखाली जागा होती. "पाडव्याला येतो," हंबीरराव म्हणाले. "गिऱ्हाईक असंल तर ऱ्हा. नसंल तर बॅग भरून ठिव. माज्याबरूबर चलायचं."

आप्पासोंनीही पाडव्याचाच मुहूर्त धरला होता. सकाळी येतो, प्रोग्राम मशीनवर घालून द्या, पहिलं पोतं नव्या वर्षाला नोंदवू. नाही जमलं तर भाच्यानं कुठला तरी तयार प्रोग्राम बघून ठेवलाय, तो घेतो.

शंभूराजनं बॅग भरली. पायमोजे वरच्या थरात. ती त्यानं गोदामाच्या दाराशी ठेवली, भिंतीला समांतर.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहितात. वर एक, त्याखाली दोन, त्याखाली तीन, असं सातापर्यंत. देवळाच्या शिखरासारखा आकार होतो. मामंजींना आता वही नव्हती. त्यांनी पाट मांडला, त्यावर लॅपटॉप ठेवला, कडेला फुलं वाहिली आणि अतिशयला म्हणाले, "पहिल्या पानावर श्री घाल."

"आण्णा, याला पान नसतं."

"वर काहीतरी असेलच की."

अतिशयनं प्रोग्रामच्या अगदी वरच्या जागेत सात ओळींचं शिखर टाइप केलं. अशा मजकुराला तीन-तीन अवतरणांत ठेवलं की कॉम्प्युटर तो नुसता बाळगतो, असं त्यानं सांगितलं. शंभूराजनं वाकून बघितलं, अवतरणं दुहेरी आहेत याची खात्री केली आणि हात जोडले. मी हळदीकुंकू वाहिलं. एक चिमूट स्पेसबारमध्ये गेली.

पाडव्याला सकाळी मी यांना ओवाळून पाट उचलत होते तेवढ्यात गोदामातून अतिशयचा आवाज आला, "वहिनी, सुभेदार पडला."

आणि नेमके त्याच वेळी दारात सुभेदार उभे. पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा, हातात फराळाचा डबा. त्यांनी डबा मला दिला आणि स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"कवा पडलो?" ते म्हणाले.

मी त्यांना गोदामात नेलं. तिथं मामंजी खुर्चीवर, अतिशय उभा, आणि शंभूराज स्क्रीनसमोर घामाघूम. सुभेदार, म्हणजे तो कॉम्प्युटरमधला, चालू केला की पहिल्याच फाइलवर कोसळत होता. चूक दाखवत नव्हता की पास करत नव्हता, बंदच पडत होता. काल दुपारपर्यंत व्यवस्थित होता. रात्रीतून बदललं होतं ते फक्त सात ओळींचं शिखर.

"काढून टाकू तात्पुरतं," शंभूराज म्हणाला.

"नव्या वर्षाचा श्री पुसणार?" मामंजींनी हे इतक्या हळू विचारलं की शंभूराजचा हात कीबोर्डवरून आपोआप मागं आला.

"मग उलटं लिहू. सात वर, एक खाली. तसं चालतंय त्याला, मी बघितलं."

"शिखर जमिनीत?"

अतिशय म्हणाला, "त्या सात ओळींना सूट दे ना."

"सूट वाचायच्या आधीच पडतोय तो."

"मग आजच्या दिवस सुभेदाराला बाजूला बसव. आप्पासो निघालेत कुपवाडहून. कुलूप काढायला एक मिनिट लागतं."

"आज काढलं तर उद्या पण काढशील."

"अरे, तुझी बॅग भरलीय दाराशी."

"दिसती मला," शंभूराज म्हणाला. "पण हे कुलूप काढून मी ऱ्हायलो, तर परत एकमेकांच्या ओळी मोडायलाच ऱ्हाणार ना आपण?"

मी चहा ठेवायला जाणार होते, पण पाय निघेना.

हंबीरराव इतका वेळ बॅगेकडे बघत होते. त्यांनी ती पायानं जराशी सरकवली, भिंतीला अगदी समांतर नव्हती. मग म्हणाले, "तुजा सुभेदार करतो काय, ते तर सांग."

शंभूराजनं सांगितलं. मजकूर आला की तो पहिल्या ओळीकडे बघतो, ती भिंतीपासून, म्हणजे डाव्या कडेपासून, किती आत उभी आहे ते मोजतो आणि तेवढी पावलं सगळ्यांना भिंतीकडे सरकवतो. मग बघतो, कोण किती लांब जातंय. "तुमीच शिकवलं आबा. पहिला गडी धरायचा आन् बाकीच्यांनी त्याच्यावरनं सजायचं, रांग सरळ करायची."

"बराबर हाय," हंबीरराव म्हणाले. "पहिला गडी कदी चुकत न्हाई."

"आमचा पहिला श्री आत उभा असतो," मामंजी म्हणाले. "मधोमध. तो शिखरावर असतो."

"पहिल्यानं आत उभं ऱ्हायाचं? ही कसली शिस्त?"

"ही पूजा आहे. परेड नाही."

"परेड काय पूजेपरास कमी असती व्हय? चला भाईर. दाखवतो."

मामंजींना आयुष्यात कुणी 'चला भाईर' म्हटलं नव्हतं. ते कुतूहलानंच उठले असावेत. मागच्या अंगणात फरशी आहे, एका बाजूला कंपाउंडची भिंत. हंबीररावांनी भिंतीपासून फरश्या मोजल्या आणि अतिशयला सर्वांत लांब उभं केलं, सहा फरश्या मोकळ्या सोडून. "हा तुमचा पहिला." मामंजींना त्याच्या डाव्या हाताला, भिंतीला एक फरशी जवळ. तिसरा माणूस नव्हता. तेवढ्यात फाटकातून आप्पासो आत आले, हेल्मेट डोक्यावरच, हातात पेढ्याचा पुडा.

"तुमी तिसरं," हंबीरराव म्हणाले.

आप्पासोंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या हातातला पुडा घेतला. दुसरं काय करणार? ते जाऊन उभे राहिले, मामंजींच्या शेजारी, आणखी एक फरशी मागं, पाठ भिंतीकडे. "हे प्रोग्रामचंच चाललंय ना?" त्यांनी मामंजींना विचारलं.

"श्रीचं," मामंजी म्हणाले.

चौथी मी, आणखी एक फरशी मागं. चौथ्या ओळीला चार श्री हवेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्या हातात पेढे होते म्हणून मीही तो विषय काढला नाही.

"आता," हंबीरराव म्हणाले, "पहिला गडी भिंतीला टेकंस्तवर सगळ्यांनी मागं सरकायचं. पहिल्याइतकीच पावलं. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. पीछे चल."

आम्ही मागं सरकलो. एक, दोन, तीन. माझी पाठ आधी टेकली. मी थांबले. "थांबायचं न्हाई ताई," हंबीरराव ओरडले, "पहिला अजून टेकला न्हाई." मी जागच्या जागी पाय वाजवायला लागले. पुढच्या पावलाला आप्पासोंचं हेल्मेट भिंतीवर आपटलं, टक्क. तेही बिचारे पाय वाजवू लागले आणि त्यांचं हेल्मेट प्रत्येक पावलाला टक्क, टक्क. मग मामंजी टेकले. ते पाय वाजवत नव्हते. नुसते भिंतीला पाठ लावून उभे, चेहरा टॉवेलाखालच्या सौद्यासारखा कोरा. सहाव्या पावलाला अतिशय आरामात येऊन टेकला.

"बघितलंसा?" हंबीरराव म्हणाले. पण त्यांचा आवाज जरा उतरला होता, कारण सरळ रेषेत उभे राहूनही आम्ही चौघं काही परेड वाटत नव्हतो.

शंभूराज गोदामाच्या दारात उभा होता. तो आमच्याकडे बघत नव्हता, आप्पासोंच्या हेल्मेटकडे बघत होता.

"भिंत हाय तिथं," तो म्हणाला.

"असणारच की," अतिशय म्हणाला.

"न्हाई रं. पाच पावलं जागा असलेल्याला मी सहा पावलं मागं सांगतोय. उणे एक. तो भिंतीतनं आरपार जायला बघतोय आन् पडतोय." तो वडिलांकडे वळला. "आबा, पहिल्याला न्हाई धरायचं. भिंतीच्या सगळ्यात जवळ जो हाय, त्याला धरायचं."

हंबीररावांनी भिंतीला टेकलेल्या आम्हा चौघांकडे बघितलं. नोकरीभर त्यांनी पहिला गडी धरला होता. "वडूजला आमच्यात," ते म्हणाले, "पहिला आत उभाच ऱ्हात न्हाई."

"म्हणून तर माझ्या ध्यानात आलं न्हाई," शंभूराज म्हणाला आणि आत गेला.

एक ओळ बदलली त्यानं. मी मागं उभी राहून बघितली, खरंच एक ओळ. सुभेदार चालू केला. पडला नाही. सगळ्या फाइली तपासल्या आणि खाली एक तक्रार आली. आप्पासोंनी हेल्मेट काढून ती मोठ्यानं वाचली, "पहिली ओळ. डावीकडं विनाकारण मोकळी जागा."

"विनाकारण," मामंजी म्हणाले.

आता सूट वाचता येत होती. एवढंच होतं की शंभूराजनं आजवर कुणालाही सूट दिली नव्हती, स्वतःलाही नाही. त्यानं वडिलांकडे बघितलं.

हंबीररावांनी मिशी पुसली. "पलटणीत पूजेला पंडितजी असत्यात," ते म्हणाले. "त्यांना परेड माफ असती. कुणी वाईट वाटून घेत न्हाई."

शंभूराजनं शिखराच्या वर एक ओळ लिहिली: 'खालच्या सात ओळी पंडितजी. परेड माफ.' अतिशयनं ती वाकून मोजली, ब्याण्णवच्या आतच होती. सुभेदारानं पास केलं.

आप्पासोंचं पहिलं पोतं मुहूर्ताच्या आत नोंदलं गेलं. ते पेढा खात म्हणाले, "भाच्याचा प्रोग्राम स्वस्त हाय जरा. पण त्यात माझ्याकडनं कुणी कवायत करून घेतली न्हाई." मग त्यांनी हेल्मेटवरचा चुना पुसला आणि शंभूराजला विचारलं, "फळ्यांना नंबर भिंतीकडनं द्यायचं का दाराकडनं?" त्यावर अतिशय म्हणाला दाराकडून आणि शंभूराज म्हणाला भिंतीकडनं, आणि मामंजी खुंटीकडे बघायला लागले.

हंबीरराव दुपारी जेवूनच निघाले. जायच्या आधी त्यांनी बॅग उघडली, पायमोजे, सदरे, सगळं बाहेर काढून खाटेवर ठेवलं, कड कडेला लावून. रिकामी बॅग माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "आता मोकळी काय न्यायची. फराळाचं घाला काय तरी."

मी करंज्या, चकल्या, शेव असं घातलं, जसं हाताला येईल तसं. ते बघत होते. मी वळले तेवढ्यात त्यांनी चकल्या बाहेर काढून पुन्हा आकाराप्रमाणे लावल्या, आणि सर्वांत छोटी, जी एरवी शेवटी गेली असती, ती उचलून वर मधोमध ठेवली. मग चेन ओढली आणि चप्पल शोधायला दाराशी गेले. ती त्यांना बराच वेळ सापडली नाही.